पासिंगच्या आधी : विजेच्या गनने रिक्षा रंगविताना

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

रंग हा शब्द काढला की आमच्या वर्गातल्या कवींना खाडीवरची संध्याकाळ आठवते. आमच्या घरी मात्र रंग म्हटले की 'पासिंग' आठवते. वडील भाईंदर पूर्वेला रिक्षा चालवतात. भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला ठराविक मुदतीने आर.टी.ओ.त नेऊन, ते रस्त्यावर चालण्यालायक आहे असा दाखला घ्यावा लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ह्या सोपस्काराला रिक्षावाले पासिंग म्हणतात. ब्रेक, दिवे, मीटर हे तपासले जातेच, पण गंजलेला पत्रा आणि पोपडे निघालेला रंग घेऊन तेथे जाण्याची हिंमत कोणी करीत नाही.

आमच्या रिक्षाला नववे वर्ष लागले होते. भाईंदरला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरे. येथला वाराच खारट. त्यात पावसाळ्यात चाकापर्यंत पाणी. मागच्या चाकावरचा पत्रा बोटाने दाबला तर कुरकुरीत पापडासारखा वाजत असे. एका रंगाऱ्याने आठ हजार रुपये आणि चार दिवस सांगितले. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये झाले आहे. म्हणजे आठ हजार रुपये म्हणजे अशी तीनशेहून अधिक भाडी. शिवाय गाडी उभी राहिलेल्या चार दिवसांची मिळकत बुडणार ती वेगळीच. वडील दोन दिवस गप्प होते.

शेजारच्या काकांनी दिवाळीला भिंती रंगवण्यासाठी विजेची स्प्रे गन आणली होती. ती माळ्यावर पडून होती. "आपण घरीच मारू या ना रंग," असे मी म्हटले, तेव्हा माझ्या मनात एवढेच होते की मामा आहेत, ते सांगतील तसे करू. मामांनी वीस वर्षे काशीमिऱ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये मोटारी रंगवल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते काम सोडले. का सोडले ते पुढे येईलच. गन पाहून ते हसले. म्हणाले, "ही गन? हा तर केस वाळवायचा पंखा आहे!"

गंमत अशी, की मामांचे बोलणे अक्षरशः खरे होते.

गॅरेजमध्ये जी गन असते तिला कॉम्प्रेसर लागतो. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो आणि ती हवा नळीवाटे गनमध्ये येते. गनच्या तोंडाशी रंगाची बारीक धार आणि वेगाने सुटलेली हवा एकत्र येतात; हवा त्या धारेच्या चिंधड्या करून तिचे तुषार बनवते. दाब मोठा असल्यामुळे तुषार फार बारीक होतात आणि पत्र्यावर आरशासारखा थर बसतो. पण तोच दाब अर्ध्याहून अधिक रंग पत्र्यावर आपटून परत उडवून लावतो. गॅरेजच्या भिंती, रंगाऱ्याच्या पापण्या आणि छाती ह्यांवर जो रंग बसतो तो हाच.

विजेच्या घरगुती गनमध्ये दाबून भरलेली हवा नसते. तिच्यात एक पंखा असतो, टर्बाइन म्हणतात तो, आणि तो भरपूर हवा पण थोड्या दाबाने फेकतो. दाब कमी म्हणून रंग कमी उडतो, कमी वाया जातो. हा तिचा गुण. परंतु त्याच कारणाने घट्ट रंग तिला फोडता येत नाही. रंग पातळ करावा लागतो. फार पातळ केला तर ओघळतो. शिवाय फिरणाऱ्या मोटरमुळे हवा तापते, आणि गरम हवेत थिनर वाटेतच उडून गेला तर रंगाचे कण अर्धवट वाळून पत्र्यावर पोचतात व हाताला वाळूसारखे लागतात. तेव्हा केस वाळवायच्या पंख्याशी तिचे नाते आहेच.

ह्या गनचा मूळ पुरुष कोण हे शोधताना एक मौजेची गोष्ट कळली. अमेरिकेत ओहायो राज्यात टोलेडो गावी अॅलन डीव्हिल्बिस नावाचे एक डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषधाचे तुषार उडवण्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक रबरी फुग्याचे उपकरण तयार केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा मुलगा थॉमस ह्याने त्याच कल्पनेवरून रंगाची गन बनवली. घसा बरा करण्यासाठी जन्मलेले यंत्र! मामांना मी हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त खोकले.

गन आली तरी मोटारींचे रंग ताबडतोब बदलले नाहीत. त्या वेळचे तेलाचे व वार्निशाचे रंग ब्रशाने लावत आणि सगळे थर वाळायला आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत 'ड्युको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आला. तो काही मिनिटांत वाळे. इतक्या झटपट वाळणारा रंग ब्रशाने सारखा पसरवणे अवघड, म्हणून गनची गरज खरी तेव्हा निर्माण झाली. आपल्याकडे फर्निचरवाले अजून 'ड्युको मारून देतो' म्हणतात तो शब्द तिथला. गॅरेजमध्ये त्याच जातीच्या रंगाला एन.सी. म्हणतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची, त्या प्रीमियर पद्मिनीची, अशी किती दारे रंगवली असतील ह्याचा हिशेब मामांपाशी नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती जात रस्त्यावरून गेली. मामांनी त्या दिवशी मुद्दाम टी.व्ही. लावला होता.

आता मामांच्या खोकल्याविषयी. मोटारींना आज जो उत्तम, काचेसारखा चमकणारा रंग मारतात तो पी.यू., म्हणजे पॉलियुरेथेन. ह्याचे दोन डबे असतात : एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि रंग दगडासारखा घट्ट होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथिल आयसोसायनेट. हार्डनरमधले रसायन ते नव्हे, पण कूळ एकच. एकदा का शरीर त्याला बिचकले की पुढे त्याचा अंशही सहन होत नाही. छाती आवळते, दमा उठतो. आणि तोंडाला रुमाल बांधून किंवा कागदी मास्क लावून ते अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. मामा ज्या गॅरेजात होते तेथे रुमालच होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले की हा दमा कामाचा आहे आणि काम सोडल्याशिवाय आटोक्यात यायचा नाही. तेव्हा पी.यू.चे नाव आमच्या घरात निघाले नाही. घरच्या घरी, गल्लीत, कोणीही ते मारू नये असे माझेही मत आहे, कितीही चमकत असले तरी.

मामा म्हणाले, "एन.सी. मारू. अर्ध्या तासात वाळतो. संध्याकाळपर्यंत गाडी धंद्याला." वडिलांना हे पटले. थिनरचा डबा आला. गल्लीत वायर सोडली. रिक्षा भिंतीशी उभी केली.

आदल्या रात्री मी गनबरोबरची पुस्तिका वाचायला घेतली होती. आमच्या घरात इंग्रजी छापील मजकूर वाचण्याचे खाते माझ्याकडे आहे : विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, पासिंगचा कागद. पुस्तिकेत चौथ्या पानावर एक ओळ होती. ज्या द्रवाचा 'फ्लॅश पॉइंट' २१ अंशांच्या खाली आहे तो ह्या गनमध्ये घालू नये. मी ती दोनदा वाचली आणि मग फ्लॅश पॉइंट म्हणजे काय ते शोधले. द्रवातून सतत वाफ निघत असते. ज्या तपमानाला ही वाफ इतकी साठते की एखादी ठिणगी लागताच ती भडकावी, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा ३५ अंशांच्या वर असतो, म्हणून रॉकेलवर काडी टाकली तर ते लगेच पेटत नाही. पेट्रोलचा शून्याच्याही पुष्कळ खाली, म्हणून पेट्रोल पंपावर इतकी बंधने. एन.सी.चा थिनर हा पेट्रोलच्या बाजूचा प्राणी.

मी सकाळी हे सांगितले. मामा चिडले. "वीस वर्षं हेच केलं मी. काही झालं नाही. तू पुस्तकातलं मला शिकवू नकोस." मी गप्प बसले, पण थिनर पेल्यात ओतलेला पाहून राहवेना. मी विचारले, "मामा, गॅरेजात कॉम्प्रेसर कुठे होता?"

"बाहेर. भिंतीपलीकडे."

"आणि गनमध्ये वीज होती?"

ते थांबले. गॅरेजच्या गनमध्ये वीज नसतेच, नुसती हवा असते. मोटर आणि तिच्या ठिणग्या भिंतीपलीकडे. ह्या घरगुती गनमध्ये मोटर हातात, रंगाच्या पेल्यापासून वीतभर अंतरावर. तिच्यातले कार्बनचे ब्रश फिरताना बारीक ठिणग्या काढतात, आणि ती भोवतालची वाफाळलेली हवाच आत ओढून घेते. त्यात थिनरची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत साचते, आणि आमचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर होता. भरीस भर म्हणजे आमची रिक्षा सी.एन.जी.वर चालते.

मामांनी पेला उचलला, थिनर पुन्हा डब्यात ओतला आणि झाकण घट्ट लावले. मग वडिलांना म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे. सिंथेटिक इनॅमल आणा." दुकानात डबा बदलून मिळाला, वर पैसेही थोडे परत आले.

इनॅमल हा जुन्या वळणाचा, तेलाच्या जातीचा रंग. त्याचा पातळक टर्पेंटाइनसारखा, रॉकेलच्या बाजूचा. त्याचा फ्लॅश पॉइंट ३० अंशांच्या वर असतो. अर्थात भाईंदरच्या मे महिन्यात तोही निर्धोक म्हणता येणार नाही. म्हणून सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून, नळीत उरलेला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवून, बॅटरीची वायर काढून, बोर्ड उंच खिडकीत ठेवूनच आम्ही काम केले. इनॅमल वाळण्याची रीतही निराळी. आधी पातळक उडून जातो, मग रंगातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. आजीच्या घरी जवसाच्या तेलाची बाटली बाहेरून चिकट होऊन तिच्यावर पापुद्रा धरायचा. तीच ही क्रिया. त्याला रात्र लागते. तोवर गल्लीतली सगळी धूळ त्याच्याकडे धावत येते. आणि दुसरा हात मारायचा तर एक तर काही तासांत, नाही तर पुरता वाळल्यावर. मधल्या अवस्थेत मारला तर खालचा थर सुरकुततो.

रंगाविषयी इतके लिहिले, पण मामांच्या मते रंग हे कामाचे शेवटचे दोन आणे. चौदा आणे काम त्याच्या आधीचे. प्रथम साबणाने धुणे आणि मग पातळकाच्या फडक्याने पुसणे. रिक्षावाले गाडी चमकवायला जे पॉलिश लावतात त्यात सिलिकॉन असते. त्याचा ठिपका जरी राहिला तरी ताजा रंग तेथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. नंतर गंज. गंजावर रंग मारणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. आत तो चरतच राहतो. तारेच्या ब्रशाने व ८० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचे. मागच्या चाकावरचा पत्रा तर घासता घासता आरपार गेला. तेथे वेल्डिंगवाल्याकडून तुकडा बसवून आणावा लागला. मग उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, आणि खोलगट जागी पुट्टी.

पुट्टीने आमचा पहिला घात केला. तिच्यात हार्डनर शंभराला दोन भाग एवढाच घालायचा असतो आणि पंधरावीस मिनिटांत ती घट्ट होते, हे मामांनी सांगितले होते. पण ती घासताना धूळ फार उडते म्हणून मी पाणी लावून घासली. वाळलेली पुट्टी स्पंजासारखी असते, पाणी पिऊन बसते. जुलैची हवा, ते पाणी बाहेर निघेना. वरून प्रायमर आणि काळ्याचा एक हात मारला, आणि दोन दिवसांनी पुढच्या मडगार्डवर कांजिण्यांसारखे फोड उठले. ते सगळे खरवडून पुन्हा. वडिलांचे दोन दिवस माझ्यामुळे बुडाले. त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवले नाही, त्यामुळे अधिकच वाईट वाटले.

पावसाळ्यात रंगवू नये असे सगळे म्हणतात. का, हे मामांनी एका थेंबात दाखवले. त्यांनी थिनरचा थेंब माझ्या मनगटावर टाकला. इंजेक्शनच्या आधीच्या स्पिरिटसारखे गार लागले. उडून जाणारा द्रव उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते ह्याच न्यायाने. पत्राही तसाच गार होतो, आणि दमट हवेतली वाफ त्याच्यावर दवासारखी बसते. एन.सी.सारख्या झटपट उडणाऱ्या रंगात हे पाणी अडकून काळ्यावर पांढुरकी झाक येते. इनॅमल सावकाश उडतो म्हणून त्याला हा त्रास कमी, पण आहेच. आमच्याकडे हवेचा दमटपणा मोजायचे साधन नव्हते. मामा ओले फडके पत्र्यावर एकदा फिरवीत आणि शंभर आकडे मोजीत. तेवढ्यात ओल सुकली तर काम, नाही तर चहा. उत्तनच्या कोळ्यांचे मला नवल वाटते. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची असते, तेव्हा आकाशाच्या मर्जीने का होईना पण ते ती रंगवून काढतातच. मात्र ते ब्रश वापरतात, आणि होडीत कोणी आपला चेहरा पाहात नाही.

रिक्षाचे छत पिवळ्या रेक्झिनचे, अंग काळे. काळा रंग फार निर्दय. पिवळ्यावर न दिसणारा खळगा काळ्यावर पथकराच्या नाक्यासारखा दिसतो. ६०० नंबरच्या पेपरने प्रायमर घासून झाला तेव्हा मला वाटले पत्रा काचेसारखा झाला. मामांनी डोळे मिटून हात फिरवला आणि सात ठिकाणी खडूने गोल काढले.

रंगवण्याचा दिवस उजाडला तो पावसाने उघडीप दिलेला. गल्लीतल्या सगळ्या मावश्यांना आदल्या दिवशीच सांगून वाळत घातलेले कपडे काढायला लावले होते. एन.सी.चे तुषार हवेतच वाळून धूळ होतात, पण इनॅमलचे ओलेच राहतात आणि वीस पावलांवरच्या पांढऱ्या चादरीलाही सोडत नाहीत. काचा, मीटर, सीट, छत वर्तमानपत्राने व चिकटपट्टीने झाकले. जमिनीवर पाणी शिंपडले, म्हणजे धूळ बसते. रंग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळला. गनबरोबर एक छोटा पेला येतो, त्याच्या बुडाला भोक असते. त्यात रंग भरून तो गळून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे आम्ही पंचविसाच्या आसपास आणला.

मामा जवळ थांबू शकत नव्हते. पी.यू. नसले तरी कसल्याही वाफेने त्यांना खोकला उठतो. ते गल्लीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, किराणा दुकानापुढे खुर्ची टाकून बसले. काडतुसाचा मास्क आणि चष्मा लावून गन माझ्या हातात. तेथून ते हाताने खुणा करीत. तळवा पुढे म्हणजे लांब धर. वीतभर अंतर हवे. मनगट वळवून दाखवले म्हणजे हात कमानीसारखा फिरवू नकोस, सरळ रेषेत ने, नाही तर मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतो. घोडा पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेर आल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यायला हवा. पहिला हात अगदी विरळ, खालचे दिसत राहील असा. पाऊण तासाने दुसरा, भरीव. मुठी आवळून दाखवल्या की थांब.

डाव्या बाजूच्या पत्र्यावर मी थांबले नाही. एक जागा कोरडी वाटली म्हणून पुन्हा गन फिरवली आणि रंग डोळ्यांदेखत ओघळला, करंगळीएवढा. मी पुसायला हात नेला तर दुकानापुढून जोराची टाळी ऐकू आली. ओला ओघळ पुसू नये. वाळू द्यावा, मग १००० नंबरने घासावा. ते आम्ही आठवड्याने केले, तरी खूण राहिली. बाकी अंग मात्र चांगले उठले. थोडे संत्र्याच्या सालीसारखे. ते ह्या गनचा दोष की माझ्या हाताचा, ह्यावर मामांचे आणि माझे एकमत नाही.

खर्च एकूण अडीच हजारांच्या आत बसला. दिवस मात्र चारच्या जागी नऊ गेले. हा हिशेब लिहिताना दोन्ही आकडे लिहिले पाहिजेत.

पासिंगला वडिलांबरोबर मीही गेले. तपासणाऱ्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे लावून बघितले, चॅसिसचा नंबर ताडून पाहिला, मीटरचे सील पाहिले. रंगावरून त्यांची नजर एकदा फिरली, तेवढीच. डावीकडचा ओघळ त्यांना दिसला नाही. कागद हातात आल्यावर वडिलांनी तो माझ्याकडे दिला, "नीट वाच, तारीख बरोबर आहे ना." तारीख बरोबर होती, पुढच्या वर्षाची.

संध्याकाळी मामा आले. रिक्षाभोवती एक फेरी मारून डाव्या पत्र्यापाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि हात फिरवला. ओघळावर बोट थांबले. "इथे तू मला बघितलं नाहीस," ते म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसून त्यांनी वडिलांना स्टेशनकडे सोडायला सांगितले.